तात्यांच्या हातची निब

"पेन दुसऱ्याला लिहायला द्यायचं नसतं. निब बिघडते."

आमच्या साताऱ्याच्या घरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते कुणी कुणाला समजावून सांगितल्याचं आठवत नाही. उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, तसंच हे. तात्या, म्हणजे माझे आजोबा, कोर्टाच्या आवाराबाहेर बसून दस्त लिहायचे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. समोर उतरती लाकडी पेटी, तिच्यावर कागद आणि हातात ते एक काळं पेन. पक्षकार सही करायला पेन मागायचा, तेव्हा तात्या त्याच्यापुढे दौत आणि टाक सरकवायचे. स्वतःचं पेन त्यांनी जन्मात कुणाच्या हाती दिलं नाही.

ते 1978 साली गेले. पेन त्या उतरत्या पेटीतच राहिलं. पुढे ते वर्षातून एकदाच, दसऱ्याला, बाहेर निघायचं. आत्या पाटावर सरस्वतीची पाटी मांडायची, शेजारी एक-दोन पोथ्या, माझी लहानपणची कंपासपेटी आणि मधोमध तात्यांचं पेन. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पेटीत. लिहिण्याची वस्तू देव्हाऱ्यातली होऊन बसली होती.

मी गेली काही वर्षं जुनी पेनं उघडून, साफ करून चालती करते हे आत्याला ठाऊक होतं. आजवर तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. गेल्या दसऱ्याला मात्र पूजा उरकल्यावर तिने पेन पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "तुला कळतं म्हणतेस ना त्यातलं, मग बघ. पण लिहायला कुणाला देऊ नकोस गं." आत्या आता 86 वर्षांची आहे. तिच्या आवाजात विनंती होती की ताकीद, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुण्याला आल्यावर खिडकीपाशी उजेडात पेन नीट पाहिलं. काळं एबोनाइट, अंगभर बारीक लाटांची कोरीव नक्षी, बाजूला शाई भरायचा छोटा धातूचा खटका. दांड्यावर इंग्रजीत कोरलेलं नाव: ब्लॅकबर्ड. मेबी टॉड ही त्याची विलायती कंपनी. तिचं भारी पेन म्हणजे 'स्वान' आणि त्याच घरातलं जरा स्वस्त भावंड म्हणजे हे 'ब्लॅकबर्ड'. हंस श्रीमंताच्या खिशात, काळा पक्षी कारकुनाच्या. पण निब दोघांचीही 14 कॅरटची, म्हणजे 24 भागांत 14 भाग सोनं.

इतकी जुनी कोरीव अक्षरं सहसा झिजून पुसट होतात, ती वाचायला पेन उजेडात तिरकं धरावं लागतं. इथे मात्र नाव लख्ख वाचता येत होतं, आणि तेही लाल रंगात. जवळून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. 40-45 दसऱ्यांचं कुंकू अक्षरांच्या खाचांत बसलं होतं. नक्षीच्या लाटांतही मधूनमधून हळदीची पिवळी कड. जुन्या पेनाचे शौकीन अशा अक्षरांत पांढरा नाहीतर सोनेरी रंग भरतात. आत्याने नकळत ते काम करून ठेवलं होतं. मऊ दातांचा ब्रश मी हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात एबोनाइटची कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग असायचा. तेच हे एबोनाइट. रबरात गंधक भरपूर, जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत, घालून ते तासन्‌तास तापवलं की लवचीक रबर लाकडासारखं कठीण होतं. आबनुसासारखं काळं, म्हणून नाव एबोनाइट. ते हाताला कधी गार लागत नाही. धातूचं पेन थंडीत बोटांना चावतं. एबोनाइट मात्र एखाद्या माणसाचा हात हातात घ्यावा तसं लगेच ऊब धरतं. तळव्यात घोळून नाकाशी नेलं की गंधकाचा मंद वास येतो. तात्यांच्या पेनाला तो अजून आहे. शंभरीकडे निघालेल्या वस्तूला स्वतःचा वास टिकून असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या गंधकाचीच त्याला पीडाही आहे. ऊन आणि पाणी लागलं की पृष्ठभागावरचं गंधक हवेशी संयोग पावतं आणि काळ्याचा तपकिरी, शेवाळी, खाकी रंग होत जातो. हे मी वाचलेलं होतं, इतर पेनांवर पाहिलेलंही होतं. तरीही पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. टोपणाच्या आत शाईचा जाड थर वाळला होता. तो सुटावा म्हणून टोपण वाटीभर पाण्यात टाकलं आणि तासाभरात काढायचं ठरवून झोपून गेले. सकाळी वाटीतून निघालं ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी टोपण. 45 वर्षं अंधाऱ्या पेटीत त्याने आपला काळा रंग सांभाळला होता, तो मी एका रात्रीत घालवला.

तो सबंध दिवस मी पेनाला हात लावला नाही. उपाय असतात. अगदी बारीक पॉलिशने वरचा थर खरवडला की खालचं काळं पुन्हा दिसतं. पण त्या थराबरोबर नक्षीही जाते. मी अशी कितीतरी पेनं पाहिली आहेत, घासून आरशासारखी केलेली, कडा गोल झालेली, नाव पुसलेली. त्यांच्याकडे पाहून मला जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट फासलेली काळ्या दगडाची देवळं आठवतात. टोपण तपकिरी झालं ते झालं, ते मी तसंच ठेवलं. आता दांडा काळा आणि टोपण तपकिरी आहे, आणि त्या दोन रंगांमधल्या फरकात माझी ती एक रात्र आहे.

पेन उघडायचं म्हणजे मान दांड्यातून सोडवायची. मान म्हणजे आपण बोटांत धरतो तो निबेमागचा भाग. ती दांड्यात फिरकीवर आहे की नुसती दाबून बसवलेली आहे, हे बाहेरून कळत नाही, आणि दोन्ही प्रकारांत वाळलेली शाई सिमेंटाचं काम करते. इथे पाणी चालत नाही. कोरडी ऊब लागते. हेअर ड्रायर लांब धरून, पेन सतत फिरवत, पोळी शेकावी तसं शेकायचं आणि मधूनमधून गालाला लावून पाहायचं. गालाला सोसवेल इतकीच ऊब पेनाला द्यायची. मग जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा मानेभोवती गुंडाळून हलकेच पिळायचं. ओढायचं नाही. हललं नाही तर ठेवून द्यायचं. पुन्हा शेकायचं. मी हे तीन संध्याकाळी केलं. चौथ्या संध्याकाळी केसाएवढी हालचाल झाल्याचं बोटांना कळलं, डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. मग आतून अगदी बारीक 'कट्' असा आवाज आला आणि मान फिरली.

दांडा उलटा करून कागदावर ठोकला. आतून तपकिरी कपच्या पडल्या, वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारख्या कडक. ही एकेकाळची रबरी पिशवी. खटका उचलला की आतली पोलादी पट्टी पिशवीला दाबते, हवा बाहेर जाते. खटका सोडला की पिशवी फुगते आणि निबेवाटे शाई ओढून घेते. अमेरिकेत आयोवामधल्या शेफर नावाच्या सराफाने 1908 मध्ये अशा खटक्याचं पेटंट घेतलं आणि ड्रॉपरने शाई भरताना बरबटणारी बोटं त्याने वाचवली. ब्लॅकबर्डची पट्टी थोडी गंजली होती, पण मोडली नव्हती. पॉलिश पेपरने गंज काढला, खटका वर-खाली केला. पिशवी नसलेल्या रिकाम्या दांड्यात तो टिकटिक वाजत राहिला.

निब आणि जीभ मात्र मी मानेतून काढली नाही. जीभ म्हणजे निबेखालची ती एबोनाइटची पट्टी. वरकरणी तिच्यात काही पाहण्यासारखं नसतं, पण सगळं पेन तिच्यावर चालतं. पिशवीतून शाई बाहेर यायची तर तिची जागा घ्यायला हवा आत जायला हवी. हवा गेली नाही तर पेन कोरडं, जास्त गेली तर कागदावर डबकं. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने 1884 मध्ये जिभेला बारीक चिरा पाडून शाईची आणि हवेची वाट बांधून दिली, तेव्हा कुठे फाउंटन पेन भरवशाचं झालं. त्या चिरा तात्यांच्या पेनात शाईने भरून गच्च झाल्या होत्या.

मान पाण्यात किती वेळ ठेवायची याची आता मला चांगलीच धास्ती होती. गार पाणी, अंधारं कपाट, दहा मिनिटांचा गजर. काढायची, टिपायची, वाळू द्यायची, पुन्हा ठेवायची. पहिल्या बुडीत काहीच झालं नाही. दुसऱ्या बुडीत निबेच्या चिरेतून एक निळा धागा सुटला. तो पाण्यात सरळ खाली गेला, तळाशी वळला आणि हळूहळू पसरला. मी पाहतच राहिले. ही शाई तात्यांनी भरलेली होती. 1978 च्या आधी कधीतरी, कुठलासा कागद पुरा करायला त्यांनी खटका उचलून सोडला असेल, आणि त्यातली काही शाई कागदावर न उतरता इथेच राहिली असेल. ती कुठल्या वाक्यासाठी भरलेली होती? कुणाची जमीन, कुणाचं घर, कुणा भावाभावांची वाटणी त्या थेंबांत लिहायची राहून गेली?

ते पाणी मला मोरीत ओतवेना. टीपकागदाची एक पट्टी मी त्यात बुडवून वाळवली. मध्ये राखाडी ठिपका आणि भोवती फिकट निळी कड. ती पट्टी आता उतरत्या पेटीत आहे.

तात्यांची शाई ब्लू-ब्लॅक होती. मुंबईला दिगंबर परशुराम दांडेकरांनी 1931 मध्ये शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आत्या सांगते, तात्या खादी वापरायचे आणि विलायती पेन खिशाला लावताना त्यांना कुठेतरी टोचायचं. शाई तरी देशी, असं ते म्हणायचे. त्या काळच्या ब्लू-ब्लॅक शाईत लोहाचा क्षार आणि मायफळासारख्या झाडावरच्या गाठींतलं तुरट द्रव्य असे. लिहिताना निळी दिसणारी अक्षरं हवेत लोह गंजून दुसऱ्या दिवशी काळी पडत आणि कागदाच्या धाग्यांत रुतून बसत. कितीही धुतलं तरी निघत नसत. दस्ताला तीच हवी. पण हीच शाई पेनात वाळली तर तिथेही तशीच रुतून बसते. नुसत्या पाण्याने निळा रंग सुटला, काळा सुटेना. त्यावर व्हिटॅमिन सी चालतं, म्हणजे लिंबा-आवळ्यातलं ते आम्ल. चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून मान थोडा वेळ ठेवली आणि गंजलेल्या लोहाची पकड सैल होत गेली. जिभेच्या काळ्या चिरा एकेक करून मोकळ्या झाल्या. मग स्वच्छ पाण्याच्या अनेक बुडी. शेवटी पाणी पाण्यासारखं राहिलं.

नवी पिशवी रबराचीच. तिची मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. 16 नंबर म्हणजे 16 भागिले 64, पाव इंच. मानेच्या मागच्या बोंडीवर ती चढवायची आणि लाखेने चिकटवायची. दुसरा कुठलाही आधुनिक गोंद इथे लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तो कायमचा बसतो. लाख मात्र शाईला दाद देत नाही आणि ऊब दिली की सुटते. पुढे केव्हातरी ही पिशवीही वाळेल, तेव्हा जो कोणी हे पेन उघडेल त्याला माझ्या कामाशी झगडावं लागू नये.

ही लाख मी सुतारांना पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणली. चपड्याच्या पातळ, मधाच्या रंगाच्या पापड्या; स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवल्या की विरघळतात. पळसावर, कुसुमावर, बोरीवर एक बारीक किडा आपल्याभोवती हे घर करतो. पूर्वीच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्याही याच लाखेच्या असत. विलायतेत बनलेल्या, सातासमुद्रांपलीकडून आलेल्या पेनाची पिशवी धरून ठेवायला आपल्याकडचा पळस लागतो, याचा मला मनापासून आनंद झाला. बोंडीवर लाखेचं एक बोट फिरवलं, पिशवी चढवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी तिच्यावर टाल्क पावडर भुरभुरवून ती दांड्यात सरकवली आणि मान बंद केली.

शाई भरली. साधी, धुता येणारी निळी. लोहाची शाई आता या पेनाला नको. खटका उचलला, सोडला. दौतीत बुडबुडे उठले. दहापर्यंत मोजलं. निब पुसली आणि कागदावर 'श्री' लिहिला.

खर्रर्र.

शाई येत होती. अगदी हवी तेवढी, ना कमी ना जास्त. पण निब कागदाला ओरबाडत होती. उभी रेघ खरखरीत, आडवी त्याहून खरखरीत. मी भिंगाखाली निब धरली. दोन्ही पाकळ्या सरळ, एकमेकींना समांतर, कुठे वाकलेल्या नाहीत. मग टोकाकडे पाहिलं. सोनं मऊ, म्हणून निबेच्या टोकाला ऑस्मियम-इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण बसवतात. तो नवा असताना गोल असतो. तात्यांच्या निबेवर तो गोल नव्हता. एका बाजूने सपाट आणि तिरका छाटलेला होता. जणू कुणी मुद्दाम कानशीने घासावा तसा, पण कानशीची एकही रेघ त्यावर नव्हती. काचेसारखा गुळगुळीत उतार.

तो कागदाने घासलेला होता. 40 वर्षं, दिवसाला कितीतरी पानं, त्याच एका हाताने, त्याच एका कोनात. मी पेन माझ्या सवयीने सरळ धरत होते, म्हणून त्या उताराची धार कागदात रुतत होती.

मला लहानपणी पाहिलेला बोरू आठवला. बोरू तासून झाला की शेवटी त्याचं टोक तिरकं छाटायचं. त्या छाटेवर अक्षराची जाडी-बारकी अवलंबून. तात्या लहानपणी बोरूने मोडी शिकले होते. दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा एक समास आहे, तो त्यांना तोंडपाठ होता. पुढे हातात विलायती पेन आलं, पण हात बोरूचाच राहिला. आणि त्या हाताने चाळीस वर्षांत जगातल्या सगळ्यांत कठीण धातूंपैकी एकाला बोरूची छाट देऊन टाकली.

माझ्याकडे निब गुळगुळीत करायचा अतिशय बारीक पॉलिश कागद असतो. पाण्याने ओला करून त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वीस-पंचवीस वळणं काढली असती तर ती धार गेली असती आणि पेन माझ्या हाताला बसलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी तो कागद काढून टेबलावर ठेवलाही होता.

त्याऐवजी मी साताऱ्याहून आणलेली एका वाटणीपत्राची जुनी नक्कल काढली. मोडीतली. मला मोडी अडखळत वाचता येते. मोडी लिहिताना आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं हात न उचलता, एकातून एक काढत जातात. तात्यांच्या रेषा मी भिंगातून पाहत गेले. उजवीकडे जाताना बारीक, खाली उतरताना भरदार. तशी रेघ कुठल्या कोनात उमटेल, याचा अंदाज घेत मी पेन बोटांत फिरवून पाहिलं. थोडं डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढं. थोडं अजून. मनगट खाली टेकवलं, पेन खांद्याकडे जास्त झुकवलं. एका क्षणी खरखर थांबली. निब तेलावर चालल्यासारखी चालू लागली.

मी पॉलिश कागद पुन्हा डबीत ठेवला.

त्या कोनात लिहायला मला जमत नाही. चार ओळींत हात दुखतो, माझं अक्षर माझं राहत नाही, वेलांट्या भलत्याच मोठ्या होतात. तरी रोज सकाळी एक पान लिहिते. आता कुठे आठ-दहा ओळींपर्यंत हात टिकतो.

संक्रांतीला साताऱ्याला गेले तेव्हा पेन बरोबर नेलं. आत्या ओसरीवर तिळगुळाचे लाडू वळत होती. तिने हात धुतले, पुसले, पेन घेतलं. टोपणाच्या तपकिरी रंगाकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगितलं. "असू दे," ती म्हणाली. दांड्यावरच्या लाल अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला.

"लिहून बघ ना," मी म्हटलं.

"मी?" ती थबकली. "मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. मी नुसती समोर बसून बघायची."

मी तिच्यापुढे उतरती पेटी ठेवली, तिच्यावर कोरा कागद. आत्याने टोपण काढून मागे लावलं. मग पेन बोटांत किंचित डावीकडे फिरवलं, मनगट टेकवलं, पेन खांद्याकडे झुकवलं. मला जे सापडायला आठवडा लागला ते तिने श्वास घेण्याइतक्या सहज केलं. आणि कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, न थांबता, एक सरळ आडवी रेघ ओढली. निबेचा आवाजसुद्धा झाला नाही.

पुढे तिचा हात थांबला. मोडी तिला कुणी शिकवली नव्हती.

ओल्या रेघेवर उन्हाचं तेज पडलं होतं. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत होतो.

"आत्ता निळी दिसतेय," आत्या म्हणाली. "उद्यापर्यंत काळी होईल बघ."

मी काही बोलले नाही. अंगणातून वारा आला आणि कागद उडू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला.